चौतीस की पस्तीस

त्या पत्राचं उत्तर वेलांटीकाकांनी दिलं नव्हतं. सात महिने झाले होते. एका पानाचं, निळ्या शाईतलं पत्र. पाठ होऊनही ते दर दोन-तीन दिवसांनी बाहेर काढत आणि पुन्हा वाचत, जणू मधल्या काळात त्यातला एखादा शब्द बदलला असेल.

चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घावरून भल्याभल्या लेखकांना घाम फोडला, म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात लेखक समोर आला की घाम काकांनाच फुटायचा. निवृत्त झाल्यावर ते बुद्धिबळाची कोडी रचू लागले, आणि बुद्धिबळ मंडळाच्या त्रैमासिकात ती छापून येऊ लागली.

ती कोडी साधी नव्हती. काकांच्या पटावर नेहमीच्या मोहऱ्यांबरोबर ‘नाकतोडा’ असायचा. हा सरळ किंवा तिरका जातो, पण वाटेत कुणीतरी उभं असेल तरच. त्याच्यावरून उडी मारायची आणि लगेच पलीकडच्या घरात उतरायचं. त्यामुळे एखादं गरीब प्यादं नुसतं एक घर सरकलं तरी लांबच्या नाकतोड्याला पायरी मिळते आणि राजाला शह बसतो. प्रश्न दर वेळी एकच: पांढऱ्याने एका खेळीत मात करायची आहे, ती किती वेगवेगळ्या खेळींनी होते?

ज्या कोड्यावर पत्र आलं, त्याचं छापील उत्तर होतं चौतीस. मात करणाऱ्या इतक्या खेळी एका पटावर कुणीच बसवल्या नव्हत्या, असं मंडळाचे लोक म्हणाले होते. काका तेव्हा दोन दिवस शीळ घालत फिरले.

पत्र घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचं होतं. ‘मला पस्तीस सापडतात,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पण तुमचं उत्तर कधी चुकत नाही, तेव्हा माझंच काही चुकत असावं. कोणती खेळी जास्तीची ते मुद्दाम सांगत नाही, तुम्हाला ते दिसेलच. माझं काम दात मोजण्याचं आहे. एक दात चुकीचा मोजला तर चाक अडतं. म्हणून हे लवकर कळवलंत तर बरं.’

तुम्हाला ते दिसेलच! इथेच काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण त्यांना ते दिसत नव्हतं. शंभर वेळा मोजलं, शंभर वेळा चौतीसच. ‘चौतीसच बरोबर’ म्हणून कळवावं, आणि बाईंनी तिसऱ्या दिवशी पस्तिसावी खेळी दाखवली तर? ‘कोणती ते सांगा’ म्हणावं, तर रचणाऱ्यालाच आपलं कोडं सुटत नाही हे लिहून दिल्यासारखं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण रात्री कूस बदलताना वेगळंच मनात यायचं: डोकं तर दगा देत नाही ना आपलं? या भीतीपायी त्यांनी सात महिन्यांत एकही नवं कोडं रचलं नव्हतं.

“अहो, दोन ओळींचं उत्तर ते,” बायको म्हणाली. ती शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती. “तुम्ही त्याचं बाळंतपण करून ठेवलंय.”

“तुला कळत नाही त्यातलं.”

“बुद्धिबळातलं नाही कळत. उत्तराची वाट बघणाऱ्या बाईचं कळतं. तुम्ही लग्नाआधी माझ्या पत्राला किती दिवसांनी उत्तर दिलं होतं, आठवतंय?”

“मसुदा करत होतो.”

“तीन महिने! घरच्यांनी दुसरं स्थळ बघायला सुरुवात केली होती.”

काकांनी चप्पल घातली. छापखान्यातून निरोप होता. मंडळ त्यांच्या साठ कोड्यांचं पुस्तक काढत होतं, आणि चौतिसाच्या त्या एका पानावरची त्यांची सही तेवढी राहिली होती.

छापखाना आता जुन्या मालकांची मुलगी चालवत होती. लहानपणी काकांच्या टेबलाखाली बसून रद्दी कागदांवर चित्रं काढायची. आता चष्मा डोक्यावर ढकलून सगळ्यांना धारेवर धरायची.

“या, वेलांटीकाका. साठातलं एक पान अडलंय फक्त. आज सही केल्याशिवाय खुर्चीवरून उठू देणार नाही.”

“मला जरा शंका...”

“तुम्हाला पूर्णविरामावरही शंका असते. बसा.”

काकांनी पान पुढे ओढलं. हात जुना होता, तो आपोआप कामाला लागला. वरच्या कोपऱ्यापासून एकेक घर तपासत ते खाली आले आणि थबकले. पांढरा राजा एक घर उजवीकडे छापला गेला होता.

“मांडणी चुकलीय,” ते म्हणाले. “हा असा उभा राहिला तर खेळ सुरू व्हायच्या आधीच काळ्याला शह बसतो. मागचा हत्ती मोकळा...”

लाल पेन्सिल हवेतच राहिली.

राजा त्याच्या खऱ्या जागेवरून एक पाऊल उजवीकडे गेला, की मागच्या हत्तीची वाट उघडते. शह. काळ्या राजाला पळायला घर? एकही नाही. मात. चूक म्हणून छापलेलं ते चित्र म्हणजेच पस्तिसावी खेळी होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काका नेहमी तक्ता आखून मोजायचे, दर मोहऱ्याला एक ओळ: वजीर, हत्ती, उंट, घोडे, प्यादी, नाकतोडे. राजाला ओळच नव्हती. पट शिकवताना मामाने गुडघ्यावर थाप मारून सांगितलं होतं, राजा कधी शह देत नाही. साठ वर्षं ते वाक्य काकांनी तपासलंच नव्हतं.

आणि राजाच्या उजवीकडचं वरचं तिरकं घर? तेही मोकळं. डावीकडची काळ्याच्या माऱ्यात, उजवीकडच्या खालच्या तिरक्या घरात आपलाच घोडा. पण वरचं तिरकं मोकळं. म्हणजे छत्तीस!

क्षणभर त्यांना हसू फुटलं. मग लक्षात आलं. साठही कोडी त्याच तक्त्याने मोजलेली होती.

“सही?” मालकीण म्हणाली.

“करता येत नाही. सगळी कोडी पुन्हा मोजावी लागतील.”

“काका!”

“चौतीस नाहीत, छत्तीस आहेत. निदान छत्तीस.”

“छत्तीसचा आकडा पडला मग तुमचा-माझा,” ती म्हणाली. चष्मा डोळ्यांवर उतरवून तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “किती दिवस लागतील?”

“महिना. आणि कुणीतरी दुसऱ्याने मोजायला हवं. माझ्या एकट्याच्या मोजण्यावर नको.”

“आहे का कुणी असं?”

“आहे. पण त्या बोलतील की नाही कोण जाणे,” काका म्हणाले आणि तिच्याकडे एक कोरा कागद मागितला.

त्यांनी खिडकीपाशी बसून लिहिलं. मसुदा केला नाही.

‘आपलं पत्र सात महिन्यांपूर्वी मिळालं. मला जास्तीची खेळी सापडत नव्हती, आणि ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून गप्प बसलो. आज राजाच्या दोन खेळी सापडल्या. आपली त्यांतलीच एक आहे की तिसरीच, हे मला ठाऊक नाही, कृपया सांगावं. चूक माझी होती. माझ्या गप्प बसण्यामुळे आपल्याला आपल्या मोजण्याचा संशय आला असेल, तर तो सोडून द्यावा. पुस्तक आपल्या उत्तरासाठी थांबवलं आहे. उरलेली एकोणसाठ कोडीही आपण मोजाल का?’

वाचून पाहिलं तर दोन शब्द खटकले. खोडले असते तर कागद बदलावा लागला असता, आणि कागद बदलला असता तर पुन्हा सात महिने. त्यांनी तसंच पाकीट चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते थोडा वेळ उभे राहिले. मागे एक माणूस हातात पत्र घेऊन आला आणि खाकरला. काकांनी पाकीट आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्यांनी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

“गेलं हो आजोबा, गेलं,” मागचा माणूस म्हणाला.

“नक्की ना?” काकांनी विचारलं आणि त्याला वाट करून दिली.