महाराजाचा डावा हात

लाथ बसली की महाराजाचा डावा हात पुढे यायचा. समोरचा पैलवान पाठीवर पडलेला असायचा आणि महाराजा वाकून दोन बोटं त्याच्या खांद्याला टेकवायचा, मग तीच बोटं स्वतःच्या छातीला. सगळं मिळून एक सेकंदसुद्धा नाही. टीव्हीवरचा कॉमेंटेटर या प्रकाराला 'मद्रासचा शाप' म्हणत असे, आणि हॉलमधल्या पांढऱ्या केसांच्या आज्या तो पाहून पर्स उगारत उभ्या राहत.

मधुमती टिल्लूंनी तो हात पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या बायोकेमिस्ट होत्या. एकदाच दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. म्हणून त्यांनी पुढचा शनिवार येऊ दिला, आणि त्याच्या पुढचाही. हात प्रत्येक वेळी डावाच.

आता, पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा हे आपल्याकडचं कुठलंही मूल शिकतं. पण उजव्या हाताने. डाव्या हाताने करणारा माणूस मधुमतीबाईंनी उभ्या जन्मात एकच पाहिला होता. त्यांचा अजय चार वर्षांचा असताना त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि नेमकं तेव्हाच त्यांनी त्याला हे वळण लावायला घेतलं होतं. प्लास्टर निघालं, वळण राहिलं.

आणि अजय तर बर्मिंगहॅमला बँकेत होता. निदान त्याच्या वडिलांच्या समजुतीप्रमाणे.

"मार! मार त्याला! नाक फोड हरामखोराचं!" ते वडील सोफ्याच्या कडेवर बसून ओरडत होते.

डॉ. जयंत टिल्लू भूलतज्ज्ञ होते. आठवडाभर ते लोकांना इतक्या हळू आवाजात झोपवत की नर्सेसना पुढे वाकून ऐकावं लागे. शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती लागली की आठवड्याचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडे. यॉर्कशरचा गुबगुबीत रॉनी बार्टलेट हा त्यांचा लाडका, आणि काळा मुखवटा घातलेला, पडद्याच्या कापडाचा झगा मिरवणारा 'मास्क्ड महाराजा ऑफ मद्रास' हा त्यांचा जन्माचा वैरी.

"मद्रासला महाराजा होता कधी? काहीतरीच!" डॉक्टर बशीत बिस्किट आपटून म्हणाले. "पण मधू, बघितलंस? लाथ मारून नमस्कार करतोय. म्हणजे आहे खरा आपल्याकडचा. मला वाटलं होतं, कोणी ग्रीक असेल."

"चहा निवतोय, अहो," मधुमतीबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी लॅबमधून अजयला फोन लावला. हॅलोबिलो काही नाही.

"अजू, नमस्कार उजव्या हाताने करावा. किती वेळा सांगितलंय?"

पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज आला.

"आई... बाबांना कळलं?"

"त्यांना तू ग्रीक वाटला होतास."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अजय शाळेत असल्यापासून ज्युदो खेळायचा. ब्लॅक बेल्ट होता, काउंटीचा चँपियन होता. बँकेत तो दीड वर्ष टिकला. संध्याकाळी क्लबमध्ये शिकवताना कुस्तीच्या एका प्रमोटरने त्याला पाहिलं. जिंकताना नव्हे, पडताना. ज्युदोत सुरुवातीला पडायलाच शिकवतात, आणि अजय फार सुंदर पडायचा. प्रमोटर म्हणाला, पोरा, आमच्या धंद्यात उचलणारे ढिगाने आहेत, पडणारा मिळत नाही. झालं. नाव अजय, आणि नोकरी दर आठवड्याला हरण्याची.

"तो नमस्कार मी करत नाही, आई, तो होतो," अजय कळवळून म्हणाला. "पहिल्या फाइटला झाला. मला वाटलं, माझा नोकरी गेला. पण पब्लिक इतकी बू केली की बॉस म्हणाला, कीप इट. प्लीज, बाबांना सांगू नको. मीच सांगेल. दिवाळीला."

अजय घाबरत होता त्याला कारण होतं. अठराव्या वर्षी त्याने ज्युदोच करीन म्हटलं, तेव्हा डॉक्टर आपल्या ऑपरेशन थिएटरच्या आवाजात म्हणाले होते, "मारामारी बघायची असते, बाळ. करायची नसते." ओरडले असते तर अजयने वाद घातला असता. त्या आवाजापुढे माणसं झोपत असत, वाद कुठला घालणार?

दिवाळी आली. अजयही आला, डोळ्याखाली काळानिळा होऊन. कपाटाचं दार लागलं म्हणाला. डॉक्टरांनी त्याला दिव्याखाली नेऊन डोळा तपासला. "बँकेत कपाटं फारच खाली लावलेली दिसतात," ते म्हणाले आणि फराळाला आलेल्या पाहुण्यांना अजयच्या लोन डिपार्टमेंटबद्दल सांगायला गेले. पुढच्या दिवाळीला बोटाला पट्टी होती. तेव्हा डॉक्टर बँकेच्या मॅनेजरला खरमरीत पत्र लिहायला निघाले. अजयच्या हातातला लाडू खाली पडला, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मधुमतीबाईंनी त्याच्या वतीने सांगितलं नाही. प्रयोग ज्याचा, निष्कर्ष त्यानेच मांडावा. पण दर शनिवारी एका बाजूला नवरा 'फोड त्याला' म्हणून किंचाळतोय आणि समोर मुलगा फोडून घेतोय, हे बघत चहा गाळणं सोपं नव्हतं. त्या साखर घालायला विसरत. कुस्तीच्या भरात डॉक्टरांना ते कळतही नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात टीव्हीवरची कुस्ती बंद झाली. डॉक्टरांनी घरात सुतक पाळलं. स्नूकर लावून पाहिलं, पण स्नूकरला ओरडता येत नाही. अजयची कामं मात्र वाढली. समुद्रकाठच्या गावांत, हॉलिडे कँपांत महाराजा हरत होताच. शिवाय तो सिरियल्समध्ये दुसऱ्या नटांच्या बदली जिन्यांवरून पडू लागला. फक्त पाठ दिसायची. चेहऱ्याची कामंही आली, पण ती सगळी कोपऱ्यावरच्या दुकानदाराची. एकदा एक बरं काम आलं होतं. बाबांना सांगून मग हो म्हणतो, असं करताकरता ते दुसऱ्याला गेलं.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये अजयचा फोन आला.

"आई, पोलीस सार्जंट. सहा एपिसोड. दुकान नाही! चेहरा दिसणार, नाव येणार. सोमवारी आन्सर द्यायचा आहे."

"मग दे."

"बाबा—"

"बाबा टीव्ही बघतात, अजू. त्यांना आंधळं करणं माझ्या हातात नाही. त्यांनी बघायच्या आधी सांगशील की नंतर, एवढंच तुझ्या हातात आहे."

"सांगेल," अजय म्हणाला. "शनिवारी लेस्टरलाच शो आहे. झाला की घरी येतो."

शनिवारी सकाळी डॉक्टर खिशातून दोन तिकिटं काढत, शीळ घालत स्वयंपाकघरात आले. "मधू, ओळख बघू कुठे जायचंय! बार्टलेट विरुद्ध महाराजा! पहिली रांग!"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. डॉक्टरांनी छत्री घेतली. मधुमतीबाईंनी ती पाहिली आणि दाराला कुलूप लावलं.

हॉलमध्ये डॉक्टरांच्या शेजारी एक जाडजूड पर्सवाल्या आजी होत्या. दोघांचं लगेच जमलं. महाराजा झगा उडवत आला तेव्हा दोघं एका सुरात ओरडली. आपला मुलगा जवळून जरा बारीक दिसतोय, असं मधुमतीबाईंच्या मनात आलं. बार्टलेट वयाने सुटला होता. महाराजा त्याला सांभाळून घेत पडत होता. शेवटी बार्टलेटने त्याला डोक्यावर उचलून दोरांबाहेर फेकला. फेक चुकली, आणि महाराजा थेट पहिल्या रांगेत आला. त्याचा बूट फाडकन डॉक्टरांच्या नडगीवर बसला.

"गो ऑन, लव्ह! हिट हिम!" आजी किंचाळल्या.

डॉक्टर छत्री उगारून उभे राहिलेच होते. महाराजा गुडघ्यांवर उठला. वर पाहिलं. आणि त्याचा डावा हात पुढे आला. दोन बोटं डॉक्टरांच्या पायाला टेकली, मग छातीला.

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले. पाय लागलेल्याने नमस्कार केला की आपण म्हणतो तसं, आपोआप. मग त्यांची नजर त्या डाव्या हातावर थांबली. डाव्या हाताने वरण ओरपू नये, डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये, डाव्या हाताने नमस्कार करू नये, असं ज्याला वर्षानुवर्षं सांगितलं, तोच तो हात होता.

छत्री वरच राहिली.

"हिट हिम!"

"नो, मॅडम," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "धिस वन इज अवर्स."

शो संपल्यावर मागच्या दाराशी अजय मुखवटा हातात घेऊन आला. डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या आवाजात म्हणाले, "बँक?"

"सोडली. एटीफाइव्हला."

"म्हणजे इतकी वर्षं मी घरात बसून माझ्याच पोराचं नाक..." ते बायकोकडे वळले. "आणि तुला माहीत होतं."

"डावा हात होता," मधुमतीबाई म्हणाल्या. "मी तीन वेळा तपासून घेतलं."

डॉक्टर नडगी चोळत राहिले. अजयने खाली मान घातली. त्या आवाजात आणखी एखादं वाक्य आलं असतं तर तो उभ्या उभ्या झोपला असता.

"पण काय रे गाढवा," डॉक्टर एकाएकी ओरडले, इतक्या मोठ्याने की पार्किंगमधली दोन माणसं वळली, "त्या जाड्याकडून हरतोस? तुझ्या निम्म्या वेगाचा नाही तो! वुल्व्हरहॅम्प्टनला तर पाठीवर पाडला होतास त्याला! धरून का नाही ठेवलास?"

अजयने आईकडे पाहिलं. हा शनिवारचा आवाज होता. या आवाजाशी बोलता येत होतं.

"हरणं माझं काम होतं, बाबा," तो म्हणाला. मुखवटा त्याने घडी करून आईच्या हातात दिला आणि ताठ उभा राहिला. "आता नाही. सोमवारी मी हो म्हणणार. मी ॲक्टर होणार आहे, आणि तोही माझ्या स्वतःच्या चेहऱ्याने."