सुई उचलण्याआधी

नातवंडं विचारायची, "आजी, रॉक अँड रोल आलं तेव्हा तू कुठे होतीस गं?"

"त्याच्या वाटेत आडवी उभी होते," आजी म्हणायची. पोरं हसायची. त्यांना वाटायचं, ही गंमत आहे. पण गंमत नव्हती, अगदी खरं होतं ते.

तेव्हा ती कोणाची आजी नव्हती. रेकॉर्डच्या कारखान्यात तपासनीस होती. ऐकण्याची खोली म्हणून एक लहानशी खोली होती, तिच्या भिंतींना जाड कापड ठोकलेलं, दाराला लोकरीची पट्टी. मधे टेबल, टेबलावर प्लेअर, आणि दोन डब्यांत चिठ्ठ्या. एका डब्यात हिरव्या, दुसऱ्यात लाल. पलीकडच्या दालनात तापलेले प्रेस काळे गोळे साच्यात दाबून तबकड्या करायचे. दर पन्नास तबकड्यांमागे एक तिच्याकडे यायची. ती ऐकायची. ठीक असेल तर हिरवी. टकटक, खरखर, डगमग, यातलं काहीही निघालं की सुई उचलायची आणि लाल. लाल चिठ्ठी लागलेला ढीग परत भरडायला जायचा.

अकरा वर्षांत तिची एकही चिठ्ठी चुकली नव्हती. सगळे तिला कानताई म्हणायचे. प्रेसवर काम करणारे दादा तर म्हणायचे, "कानताईंच्या पुढ्यात शिंकायची चोरी आहे, लाल चिठ्ठी लावतील आपल्यालाच." खोलीचे जुने प्रमुख त्या महिन्यात निवृत्त झाले होते आणि शुक्रवारी कारखान्याचे साहेब दौऱ्यावरून परतले की नवं नाव ठरणार होतं. दुसरं नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. तिच्या मनातही नव्हतं.

सोमवारी ते गाणं आलं. घाईची मागणी, दुकानदारांचा तगादा, आणि एरवी ताडून बघायला सोबत येते ती नमुन्याची तबकडी वाटेत कुठेतरी अडकलेली. तिने सुई ठेवली. ढोल वाजला, मागून गिटार आलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. गिटार फाटलं होतं. कागदी पिशवी फुगवून दाताने टरकावावी तसा आवाज. आठव्या सेकंदाला तिने सुई उचलली. लाल.

"साचा झिजलाय, दादा," ती म्हणाली.

"कालच बसवलाय तो! अजून त्याला नीट चटकाही लागला नाही."

"मग काल झिजलेलाच बसवलात."

सहाशे तबकड्या संध्याकाळपर्यंत भरडून झाल्या. नवा साचा आला, मंगळवारी तो बसला, बुधवारी दुसरा ढीग तयार झाला. चारशे. तिने सुई ठेवली. ढोल, गिटार, टर्रर्र. सुई उचलली. लाल. दादांनी डोक्याला लावलेलं फडकं काढलं, पिळलं, परत बांधलं.

"कानताई, बाहेरून फोनावर फोन येताहेत. लोकांना हेच हवंय म्हणे."

"लोकांना फाटकं हवंय?"

"ते मला विचारू नका, मला प्रेसच्या फुसफुशीपलीकडे काही ऐकू येत नाही. पण बघा, शुक्रवारी साहेब येतायत."

"म्हणूनच लाल लावतेय."

चारशेंचा ढीग भरड यंत्राशेजारी रचला गेला. यंत्र गुरुवारी सकाळी नऊच्या भोंग्याला सुरू व्हायचं होतं.

त्या रात्री तिला झोप नीट लागली नाही. खरं तर सोमवारपासूनच लागत नव्हती. काहीतरी टोचत होतं, पण कुठे ते सापडेना. चपलेत खडा असावा, झटकावं तर काही पडू नये, आणि चालायला लागलं की परत टोचावा, तसं.

गुरुवारी सकाळी तिची लेक दूध पिता पिता चमचा ताटलीच्या कडेवर आपटत होती. बारा वर्षांची पोर, पाय जमिनीला टेकला तर शपथ, म्हणून घरी तिला भिंगरीच म्हणत. टक-टाक, टक-टाक.

"भिंगरे, चमचा खाली."

चमचा खाली गेला. टाच सुरू झाली. टक-टाक.

"अगं काय लावलंयस सकाळी सकाळी?"

"ते सायकलवाल्याच्या रेडिओवर लागतं ना, ते. शाळेतून येताना आम्ही सगळ्या उभ्या राहतो. तो कंटाळून म्हणतो, पोरींनो, पंक्चर काढायचंय की तुमचंच डोकं तपासायचंय?" भिंगरीने तोंडाने गिटार वाजवून दाखवलं. टर्रर्र, टर्रर्र.

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. तिच्या घरी रेडिओ नव्हता. दिवसभर ऐकून आल्यावर तिला घरात शांतता लागायची.

"रेडिओवरही फाटकंच येतं?"

"तसंच आहे ते! आणि मग मधेच सगळं थांबतं. नुसता माणूस गातो, एकटा, हळू. आम्ही श्वास धरून उभ्या राहतो. आणि मग धाडकन परत येतं!" तिने ताटलीवर थाप मारली. दूध सांडलं.

"मधे थांबतं?"

"हो मग. तुला माहीत नाही? तू तर रोज ऐकतेस ना कारखान्यात?" भिंगरीने डोळे बारीक केले. "आई, तू शेवटपर्यंत ऐकलंसच नाहीस की काय?"

आता टोचणारा खडा सापडला. नाही, तिने ऐकलं नव्हतं. अकरा वर्षांत दोष निघालेली एकही तबकडी तिने आठ-दहा सेकंदांपलीकडे ऐकली नव्हती. कशाला ऐकायची? दोष सापडला की काम संपलं.

घड्याळात नवाला वीस मिनिटं कमी होती.

ती पायात चप्पल अडकवून निघाली. पदराचं एक टोक जमिनीवर लोळत होतं. मागून भिंगरी ओरडली, "आई, डबा!" तिने हात हलवला. रस्त्याच्या वळणावर भोंगा ऐकू आला आणि ती पळायलाच लागली. इतक्या वर्षांत तिला पळताना कोणी पाहिलं नव्हतं. दारावरचा रखवालदार उठून उभा राहिला. त्याला वाटलं, कुठे आग लागली.

"दादा, यंत्र थांबवा!"

दादांचा हात खटक्यावर होता. "काल तर म्हणालात, डोळे मिटून भरडा."

"काल म्हणाले. एक तबकडी द्या मला. आणि दोन मिनिटं."

तिला ऐकण्याच्या खोलीचं दार लावून घ्यायचंही भान राहिलं नाही. सुई ठेवली. ढोल. गिटार. टर्रर्र. हात सवयीने उचलला गेला. तो तिने दुसऱ्या हाताने धरून मांडीवर दाबून ठेवला.

साचा झिजला की सगळ्यात आधी गाणाऱ्याचा "स" खरबरीत होतो. हे ती नव्या मुलींना स्वतः शिकवायची. ती त्या माणसाचा "स" शोधू लागली. आला. स्वच्छ. दुसरा आला, तोही स्वच्छ. ढोल घट्ट. फक्त गिटार फाटलेलं. आणि मग सगळं थांबलं. तो माणूस एकटा गाऊ लागला, इतका जवळून की त्याचा श्वास तिच्या कानाला लागला. कुठे खरखर नाही, काही नाही. काचेच्या पेल्यातलं पाणी.

साच्यातली खोट कोणासाठी थांबत नाही. ही थांबली होती. गाणाऱ्याला जागा देऊन, ताल धरून, बाजूला उभी राहिली होती. कुणीतरी वाजवणारा ती मुद्दाम वाजवत होता.

मग गिटार धाडकन परत आलं. भिंगरीने सांगितलं होतं, तरी कानताई खुर्चीत दचकली. दारात दादा आणि प्रेसवरची चार माणसं उभी होती. सगळे तिच्या पायाकडे बघत होते. तिने खाली पाहिलं. टाच जमिनीवर आपटत होती. टक-टाक, टक-टाक.

गाणं संपलं. तिने लाल चिठ्ठी ढिगावरून काढली, फाडली, हिरवी लावली.

"तरी आवडलं नाही मला," ती म्हणाली.

"पायाला सांगा ते," दादा म्हणाले. आणि मग हळूच, "सोमवारच्या सहाशेंचं काय?"

"ते मी सांगेन."

शुक्रवारी साहेब आले, तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आत तिने सांगितलं. ढोबळ नाही, नीट सांगितलं. आठव्या सेकंदाला सुई उचलली, दोन्ही वेळा, पुढे ऐकलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला.

"तुम्ही? तुमच्याकडून?"

"हो. माझ्याकडून."

प्रमुखपद साचेखात्यातल्या एका माणसाला मिळालं. त्याला गोड आणि कर्कश यांतला फरक चिठ्ठीच्या रंगावरून कळायचा. तिला वाईट वाटलं. महिनाभर वाटत राहिलं. ती त्याच खुर्चीत पुढची एकवीस वर्षं बसली, पण आता कुठलीही तबकडी संपेपर्यंत सुई उचलायची नाही. दिवसाला निम्म्याच तबकड्या तपासून व्हायच्या, नवे प्रमुख कुरकुरायचे, "बाई, दोष पहिल्याच वळणावर ऐकू आला ना? मग?" ती मान डोलवायची आणि ऐकत राहायची. बहुतेक वेळा दोष हा दोषच निघायचा. मग ती लाल लावायची. पण पूर्वीसारखी निवांत कधी बसली नाही. प्रत्येक गाण्याला शेवटपर्यंत वाटायचं, आता काय येतंय कोण जाणे.

आता पतवंडं फोनवर गाणी लावतात. दहा सेकंद ऐकतात, बोटाने ढकलतात, पुढचं लावतात.

"थांब रे," आजी म्हणते. "संपू दे ते."

"आजी, बोअर आहे."

"असेल. पण तुला अजून कळलेलं नाही ते." आणि तिची टाच फरशीवर सुरू होते.