पक्कडीचा व्हिडिओ

आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर माणसं सरासरी चौदा सेकंद थांबायची. चौदा सेकंदांत काय होतं? शिंक येऊन जाते आणि रुमाल सापडत नाही, तेवढंच.

बाबा बॅगा दुरुस्त करतात. बॅगा, जाकिटं, तंबू, ज्याला ज्याला चेन आहे ते सगळं. दुकान एवढुसं आहे की गिऱ्हाईक आत आलं की बाबांना खुर्ची मागे सरकवावी लागते. वेबसाइट मी केली होती, शाळेच्या प्रकल्पासाठी, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्याआधी मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. बक्षिसानंतर माझा आवाज जो फुटला, तो घरात कुणाला बोलू देईना.

तेव्हाच मामाने बाबांसाठी एका गोदामात रखवालदाराची नोकरी बघितली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं.

"भावोजी, चेन कोण दुरुस्त करून घेतं आता?" मामा म्हणाला. "बिघडली की बॅगच फेकतात."

"निदान पाठ टेकायला खुर्ची मिळेल," आई म्हणाली. "वाकून वाकून काय झालंय पाठीचं, बघा."

मग मीच तोंड घातलं. "महिनाभर थांबा. माणसं साइटवर तीन मिनिटं थांबली तर दुकान चालेल. जो थांबतो तो गिऱ्हाईक होतो." हे मी कुठेतरी वाचलं होतं.

"वा, मॅनेजरीणबाई," मामा म्हणाला.

"बघू दे तिला," बाबा म्हणाले. त्यांना ते दुकान सोडायचं नव्हतं, आणि मी त्यांना कारण दिलं होतं.

मी रंग बदलले. फोटो मोठे केले. बॅग आधी आणि बॅग नंतर असं टाकलं. बावीस सेकंद. "बिघाड ओळखा" नावाचा खेळ केला. एकतीस सेकंद, त्यातले निम्मे माझ्या मैत्रिणींचे.

मग एक दिवस दुकानात बसले असताना एक माणूस जाकीट घेऊन आला. चेन लावली की मागून उघडायची. बाबांनी बघितलं, छोटी पक्कड घेतली, चेनवर सरकणाऱ्या रनरच्या दोन्ही कडा एकेकदा हलकेच दाबल्या. झालं. चेन बंद. तो माणूस जादू बघितल्यासारखा बघत राहिला. दहातली सहा गिऱ्हाइकं एवढ्याचसाठी येतात. चेन खराब नसतेच, रनर सैल झालेला असतो.

"बाबा, याचा व्हिडिओ करू."

बाबांनी पक्कड खाली ठेवली. "याचा? हेच तर आहे गं आपल्याकडे."

"म्हणूनच तर लोक बघतील." त्या दिवसांत माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

त्यांनी हात पुसले आणि दिवा जवळ ओढला. आणि काय बोलले ते. "जोर नाही लावायचा. पुस्तक झोपलेल्या माणसाच्या हातातून काढतो ना, तसं." मी मोबाइल धरून हसू दाबत होते.

तीन मिनिटं आठवड्यात झाली. मग पाच. मग नऊ. माणसं तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघत होती. बाबांनी आणखी पाच व्हिडिओ केले: दाते कसे बसवायचे, पट्टा कसा शिवायचा, सुई कुठली घ्यायची. व्हिडिओच्या दिवशी ते दाढी करून यायचे. मी शाळेतून आले की पहिला प्रश्न, "आज किती थांबले?" जणू माझे नाही, त्यांचेच मार्क लागणार होते.

महिनाअखेरीला मामाचा फोन आला. "नाही म्हणून सांग त्यांना," बाबा म्हणाले. "माझी मॅनेजर सोडत नाही." गोदामाच्या साहेबांना भेटायला जायचं म्हणून इस्त्री केलेला शर्ट आईने परत कपाटात ठेवला.

पुढच्या महिन्यात दुकानातले हुक रिकामे व्हायला लागले. दुरुस्त झालेल्या बॅगा चिठ्ठी लावून त्यावर टांगलेल्या असायच्या. मला वाटलं, होतं असं कधीकधी. साइटवर तर सरासरी साडेदहा मिनिटं होती.

एका दुपारी एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. बाबांनी सवयीने खुर्ची मागे सरकवली.

"काका, बॅग नाही आणली. फक्त चार रनर द्या," त्या म्हणाल्या. "बाकी मी घरीच करते. तुमचे व्हिडिओ बघून आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या चेनी नीट केल्या मी. किती छान समजावता हो तुम्ही."

त्या मनापासून बोलत होत्या. बाबांनी रनर कागदात बांधून दिले. "पक्कड लहान घ्या," ते म्हणाले. "मोठीने कडा चेपतात."

त्या गेल्यावर मी व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं सगळं पुन्हा वाचलं. घरीच झालं, आभार. आता दुकान शोधायला नको. पाचच मिनिटांत जमलं. हे सगळं मी आधीही वाचलेलं होतं. तेव्हा मी त्याला कौतुक म्हणत होते, आणि वर्गात वाचूनही दाखवलं होतं.

"मी काढून टाकते," मी म्हटलं.

"आता काढून काय उपयोग?" बाबा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मामाने गोदामात पुन्हा विचारलं. त्यांनी दुसरा माणूस घेतला होता.

दुकानाची पाटी काढायला मी आणि बाबा दोघंच गेलो. मी शिडी धरली होती आणि ते वर स्क्रू काढत होते, तेवढ्यात साइटवरच्या नंबरावर फोन आला. कुणाचा तरी रनर अडकला होता. बाबा खाली उतरले. फोन खांद्याने कानाशी दाबून त्यांनी सामानाच्या खोक्यातून पक्कड काढली आणि समोर कुणी नसताना हवेतच दाखवायला लागले. "हळू. एक बाजू आधी. नाही नाही, ओढू नका, मी आहे, घाई नाही."

मी अर्धवट लटकलेल्या पाटीखाली उभी राहून घड्याळ बघत होते. सवयच लागली आहे.

अकरा मिनिटं.