जागच्या सायकलीचा ब्रेक

उरोशच्या दुकानात मायदाने तीन यंत्रं पाहिली आणि त्यातलं सगळ्यात जड होतं ते घेतलं. दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, जेमतेम चार बोटं वर आलं, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. घरात बसून सायकल चालवायचा ट्रेनर घेताना लोक शंभर गोष्टी पाहतात, आवाज किती, चढ किती दाखवतो, पडद्याशी जोडला जातो की नाही. मायदाला एकच पाहायचं होतं. हे यंत्र आणि त्यावर बसलेला नवरा, दोघंही घराबाहेर जाता कामा नयेत.

नवरा म्हणजे बोयान. येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात पाळीवर आणि उरलेला सगळा वेळ सायकलीवर. सायकल क्लबातले त्याला बोकड म्हणत. चढावर तो चारचौघांसारखाच धापा टाकायचा, पण उतार लागला की ब्रेकला बोट न लावता वळणामागून वळण घेत असा सुटायचा की मागचे डोळे मिटून घ्यायचे. या नावाचा त्याला इतका अभिमान की पाण्याच्या बाटलीवरसुद्धा बोकड रंगवून घेतला होता. माणसाचं वय सत्तेचाळीस, पण ते सांगायचं कोणी?

ऑगस्टमध्ये वर्शिच घाट उतरताना, सोळाव्या वळणावर, ओल्या दगडी फरशीवर बोकड आडवा झाला. खांद्याचं हाड आणि तीन फासळ्या. मायदा औषधांच्या दुकानात कामाला होती. फोन आला तेव्हा समोर एक म्हातारी खोकल्याचं औषध मागत होती, आणि मायदा तिच्या हातात भलतंच काहीतरी ठेवून तशीच बाहेर पळाली. हाडं जुळली, फासळ्या जुळल्या, मायदाचा जीव मात्र तेव्हापासून टांगणीला लागला तो लागलाच. दारात सायकलीच्या बुटांचा टकटक आवाज आला की ती हातातलं काम टाकून तिकडे धावे.

म्हणून नोव्हेंबरात ती त्याला ओढत उरोशकडे घेऊन आली.

उरोशने आधी तीन रुळांची चौकट दाखवली. "याच्यावर सायकल नुसती ठेवायची. तोल मस्त सुधारतो."

"पडतात का याच्यावरून?" मायदाने विचारलं.

"एकदा तरी सगळेच पडतात."

"पुढचं दाखव."

दुसऱ्यात मागचं चाक एका रुळावर दाबून बसवायचं होतं. उरोश कौतुकाने म्हणाला, "ह्याचं सोपं आहे. मिनिटभरात सायकल सोडवा आणि निघा रस्त्यावर."

"तेच नकोय मला," मायदा म्हणाली.

तिसरं ते जड. यात सायकलीचं मागचं चाक काढूनच टाकायचं, साखळी थेट यंत्रावर चढवायची. समोर पडदा लावला की जगातला कुठलाही रस्ता त्यात उमटतो. चढ आला की पॅडल जड होतं, उतार आला की यंत्र आपणहून पळायला लागतं. "वर्शिचसुद्धा आहे यात," उरोश म्हणाला, "सगळ्या वळणांसकट."

बोयान इतका वेळ टोप्या पाहत होता. "जत्रेतल्या लाकडी घोड्यावर बसायचं वय गेलं माझं," तो कुरकुरला. पण मायदाला वाटलं होतं तेवढा तो भांडला नाही. ती मनात म्हणाली, थकला असेल.

"एक लक्षात ठेवा," उरोशने छोटी लाल प्लास्टिकची पाचर पुढे केली. "मागचं चाक काढलेलं असताना मागचा ब्रेक दाबायचा नाही. मधे चाकाची चकती नसते ना, ब्रेकच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात, मग चाक आत जात नाही. ही पाचर मधे घालून ठेवायची."

बोयान खदखदून हसला. "उभ्या सायकलीला ब्रेक मारणारा माणूस मला एकदा दाखव. त्याला मी बिअर पाजतो." पाचर त्याने गल्ल्यावरच ठेवली. "नवशिक्यांना दे."

सगळा हिवाळा बोयान तळघरात घाम गाळत राहिला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. वर स्वयंपाकघरात मायदा जवाचं सूप ढवळत खालची घरघर ऐकायची. चढावर ती घरघर खर्जात जायची, उतारावर वाढत वाढत घर भरून टाकायची. तो आवाज तिला अंगाईसारखा वाटायला लागला होता. मागच्या कित्येक वर्षांत एवढे निवांत रविवार तिच्या वाट्याला आले नव्हते. ही बाई स्वतःच्या हुशारीवर अगदी खूश होती, आणि मी म्हणतो, का नसावी?

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि क्लबचा पुढारी रुडी दारात उभा राहिला. गडगडाटी आवाजाचा, मनाने वाईट नसलेला, पण दुसऱ्याच्या मनात डोकावायची सवय नसलेला माणूस. "बोकडा, मेच्या दुसऱ्या रविवारी वर्शिच. उतारावर नेहमीसारखा तू पुढे. पोरं विचारतायत, बोकड आहे की त्याचं मटण झालं?"

"मी पुढे," बोयान म्हणाला.

मायदाला त्याला अडवायचं होतं. पण अडवायचं कोणत्या तोंडाने? यंत्र हिवाळ्यापुरतं, असं तिनेच कबूल केलं होतं. जायचंच आहे तर निदान सायकल तरी धड असावी, म्हणून बोयान पाळीवर गेल्यावर ती तळघरात उतरली, दुकानात पाहिलं होतं तशी तिने सायकल यंत्रावरून सोडवली आणि मागचं चाक बसवायला घेतलं. चाक आत जाईना. वाकवून पाहिलं, ढकलून पाहिलं, काही केल्या जाईना. आपणच काहीतरी मोडलं या भीतीने ती सायकल गाडीत कोंबून उरोशकडे गेली.

उरोशने खाली वाकून पाहिलं आणि तो हसला. "ब्रेक दाबलाय. पट्ट्या चिकटल्यात."

"चुकून हात लागला असेल."

"एकदोनदा लागला तर जराशा जवळ येतात. ह्या पार बसल्यात." त्याने चपटा पाना घालून पट्ट्या जोर लावून उघडल्या. "हे दाबून दाबून झालंय. बरेच दिवस. आता बिअर कोणाला पाजायची ते..." बोलता बोलता त्याचं लक्ष मायदाच्या चेहऱ्याकडे गेलं. मग खणातून त्याने लाल पाचर काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

मेपर्यंत तो खालीच चालवणार होता, म्हणून मायदाने घरी येऊन सायकल पुन्हा यंत्रावर चढवली, पट्ट्यांमध्ये पाचर सरकवली. मनाची समजूत घालत राहिली, की घाम पुसताना दाबला गेला असेल, उतरताना आधाराला धरला असेल. संध्याकाळी खाली घरघर सुरू झाली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. ती अनवाणी जिना उतरली आणि अर्धवट लोटलेल्या दाराशी उभी राहिली.

पडद्यावर वर्शिच होता. करडी फरशी, दोन्हीकडे पाईनची झाडं, रस्ता वेगाने खाली येत होता. यंत्र सुसाट झालं होतं. बोयान पॅडल मारत नव्हता. वळणाची पाटी पडद्यावर मोठी होत आली, सोळा, आणि बोयानने मान फिरवून तोंड भिंतीकडे केलं. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर अशी आवळली की मनगटापर्यंत शिरा उठल्या. यंत्राला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, ते पळतच राहिलं. वळण गेलं तरी त्याने ब्रेक सोडले नाहीत. उभ्या जागी, घरात, हिटरशेजारी, तिचा नवरा तोंडाने बारीक आवाज काढत होता, लहान मूल झोपेत काढतं तसा.

मग त्याने पडद्याला बोट लावलं, रस्ता पुन्हा माथ्यावर नेला आणि परत उतरायला सुरुवात केली.

मायदा वर येऊन सुपाशी उभी राहिली. आजवर ती रस्त्याला भीत होती, ट्रकना, पावसाला, ओल्या दगडांना भीत होती. आता तिला त्या बोटांची भीती वाटली. इतक्या वर्षांत क्लबातल्या गप्पा ऐकून तिलाही एवढं कळत होतं की ओल्या फरशीवर वळणात ब्रेक आवळणारा माणूस पडतोच. ऑगस्टमध्ये तो वेडेपणाने पडला होता. मेमध्ये तो भीतीने पडणार होता, आणि दरीच्या बाजूला पडला तर फासळ्यांवर भागणार नव्हतं. तिने सुपात दोनदा मीठ घातलं.

जेवताना बोयानने पहिला घोट गिळला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चमचा बुडवला. मग म्हणाला, "ब्रेकमध्ये ते लाल काय घातलंयस?"

"उरोशने दिलं. सायकल दाखवायला नेली होती. म्हणाला, सगळेच घालतात."

"सगळेच?"

"सगळेच," मायदा म्हणाली. त्याने मान डोलावली आणि तो खारट सूप शेवटपर्यंत प्यायला.

तेव्हाच बोलायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बोलून काय झालं असतं? तू घाबरतोस, असं तिने म्हटलं असतं तर हा गडी ते खोटं ठरवायला दुसऱ्या दिवशीच घाट चढून उतरला असता. आणि गप्प राहावं तर मेचा दुसरा रविवार होताच. मायदा रोज दुकानात दुसऱ्यांना शांत झोपेच्या गोळ्या मोजून द्यायची आणि स्वतः रात्रभर सोळावं वळण पाहायची. बोयान जेवेनासा झाला. विचारलं तर म्हणायचा, चढासाठी वजन उतरवतोय.

तो रविवार उजाडला तो पावसाच्या भुरभुरीतच. क्लबातली तीसएक माणसं घाट चढून माथ्यावरच्या चहाच्या घरात गरम चहा पीत उभी होती. मायदा मागून गाडी घेऊन आली. बोयान कोपऱ्यात एकटाच होता. चेहरा पांढराफटक, भरलेला कप दोन्ही हातांत आवळून धरलेला. "थंडी," तो कोणी न विचारता म्हणाला.

"चला, बोकड पुढे," रुडी ओरडला. "फरशी ओली आहे, आज मजा बघा."

मायदाने गाडीची किल्ली खिशात टाकली. ही मुलखाची लाजाळू बाई, चारचौघांत कधी आवाज न चढवणारी, ती सरळ मधोमध जाऊन उभी राहिली.

"बोयान सायकलीने घाट उतरणार नाही. माझ्याबरोबर गाडीतून येईल."

सगळे वळून बघायला लागले.

"का बुवा?" रुडी म्हणाला.

"मला भीती वाटते म्हणून. ऑगस्टपासून मला झोप नाही. तो त्या वळणावरून गेला तर मी इथेच मरेन, आणि मग माझं ओझं तू वाहून ने खाली."

हशा पिकला. "बोकडाला दावं बांधलं रे." "मायदा, दूध काढायचं राहिलं असेल." "अरे बोकडाचं कसलं दूध?" मायदा लालबुंद झाली, पण जागची हलली नाही. ती फक्त बोयानकडे पाहत होती. आता हा काय म्हणतो, एवढ्यावर सगळं होतं.

बोयानने कप खाली आपटला. "बायकोपुढे काय चालतंय कुणाचं?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "लग्न करू नका रे, पोरांनो." बडबडत, पाय आपटत तो बाहेर गेला. मायदा किल्ली शोधत मागे धावली. तिने डिकी उघडायच्या आत त्याने सायकलीची दोन्ही चाकं काढून ठेवली होती.

ते निघाले. पाऊस वाढला होता, काच पुसली जात होती. वीस वर्षं बोयान तिच्या गाडी चालवण्याची टिंगल करत आला होता. मायदाच्या गाडीला मुंग्या ओव्हरटेक करतात, मायदा प्रेतयात्रेला वेळेवर पोचते, हे सगळं क्लबात पाठ होतं. पाट्यांवरचे आकडे पायथ्यापासून मोजलेले होते; अठरावं वळण गेलं, सतरावं गेलं. मायदाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. शेजारून एक पायी उतरणारा माणूस छत्री सावरत जवळजवळ त्यांच्या बरोबरीने चालला होता.

सोळाची पाटी दिसली. बोयानचे हात मांडीवर होते. बोटं आपोआप वळली, आवळली गेली. त्याने मान खिडकीकडे फिरवली.

"हळू घे, मायदा," तो म्हणाला.

"घेते," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात गाडी उभी केली.