आश्रुबाची टँकरयादी

सोसायटीनं नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आश्रुबानं घरी आणला. घाटनांदूरजवळच्या एका गावात, दूध सोसायटीत तो दुधाचं फॅट तपासायच्या कामाला होता. प्रोग्रॅमिंग त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अंबाजोगाईहून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक, मांडीवर शब्दकोश घेऊन, त्यानं दोन उन्हाळे वाचलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यापासून त्याचे प्रोग्रॅम सुरू झाले.

पहिला गाभण गायींचा. शेजारच्या मुंजाजीच्या गायीला कॉम्प्युटरनं अजून पंधरा दिवस सांगितले आणि गाय त्याच संध्याकाळी व्याली. "तिनं तारीख वाचली न्हाई वाटतं," मुंजाजी शांतपणे म्हणाला. मग भाचीसाठी स्थळं जुळवणारा प्रोग्रॅम झाला. त्यानं सगळ्यात योग्य वर म्हणून भाचीचाच सख्खा चुलतभाऊ काढून दिला. आश्रुबाची बायको वत्सलाबाई कॉम्प्युटरवरची धूळ न चुकता पुसायची, आणि यातलं एकही कामाचं का होत नाही, हेही न चुकता विचारायची.

२०१३ साली विहिरींनी तळ गाठला आणि टँकर सुरू झाला. गावातली चौसष्टही घरं सोसायटीची सभासद, म्हणून नंबर लावायचं काम सोसायटीकडं आलं. पहिल्याच आठवड्यात दोन घागरी फुटल्या, तीन घरांचं बोलणं बंद झालं. "माझ्याकडं सोडा," आश्रुबा म्हणाला.

त्यानं नावं अकारविल्हे लावून यादी डेअरीच्या दारावर चिकटवली. पहिलं नाव आश्रुबा. बायका वत्सलाबाईकडं बघून पदराआड हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं घाईनं प्रोग्रॅम बदलला. आता कॉम्प्युटर रोज चिठ्ठी काढल्यासारखी नावं काढणार होता. त्यानं काढली. पहिलं नाव आश्रुबा.

"घरचाच कॉम्प्युटर हाय, मालकाला इसरंल कसा?" मुंजाजी म्हणाला. चौसष्टात एकदा असं होऊ शकतं, हे आश्रुबानं खडूनं फरशीवर गणित मांडून समजावलं. कुणाला पटलं नाही.

घरी वत्सलाबाईनं ताट वाढलं आणि म्हणाली, "आपलं घर रोज शेवटी घाला."

"मग ती चिठ्ठी राहत न्हाई."

"न्हाई राहिली तर न्हाई. बायांची तोंडं मला बघावी लागतात, तुमाला न्हाई."

आश्रुबानं दुसरा दिवसभर प्रोग्रॅममध्ये तसं लिहायचं टाळलं. त्याच्या लेखी ती अप्रामाणिक ओळ होती. शेवटी त्यानं ती लिहिली आणि गावातली भांडणं थांबली. इतक्या वर्षांत त्याचा हाच एक प्रोग्रॅम महिनाभर बिनतक्रार चालला. कौतुक मात्र झालं वत्सलाबाईचं. ते त्याला लागलं, पण बोलणार कुणाला?

शेवटच्या नंबराला टँकरच्या नळीतून करंगळीएवढी धार यायची. एका दुपारी वत्सलाबाई तिच्याखाली घागर धरून उभी होती आणि आश्रुबा सावलीत तोंड पाडून बसला होता. तेव्हा टँकरचा ड्रायव्हर दस्तगीर त्याच्याजवळ येऊन टेकला.

"आश्रुबाभाऊ, टँकर कुठं आला म्हणून साऱ्या गावाचे फोन मलाच येतात. गाडी चालवू का फोन घेऊ? त्याला कॉम्प्युटरवर काही करता येतं का?"

आश्रुबा ताठ बसला. त्यानं खिशातून पेन काढला, कागद सापडेना म्हणून तळहातावरच रस्ता काढायला घेतला.

"दस्तगीरभाई," वत्सलाबाई घागरीवरून म्हणाली, "इचारलंच हाय तर आता बूड टेकून बसा. यांचं लवकर उरकत न्हाई."