पाचवी खुंटी मोकळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. एका शिंप्याच्या दुकानात, शिलाई मशीनच्या अगदी समोर, गेली तीस वर्षे मी भिंतीला पाठ टेकून आहे. माझ्या अंगावर पाच खुंट्या आहेत. दिसायला मी बेताचीच, पण कामाची आहे. थोडी आखडूही आहे, हे आधीच सांगून टाकते.

जन्माने मी एका बाकाची पाठ. बाक मोडला तेव्हा मी जळणातच जायची. पण एका सुताराने मला उलटसुलट करून पाहिले, रंधा मारला, पाच भोके पाडली आणि पाच खुंट्या ठोकून मला शिंपीकाकांकडे पोचवले. पाचच का, असे विचाराल, तर त्याच्याकडचे लाकूड तेवढ्यातच संपले! पण शिंपीकाकांनी त्या पाचांचा नियमच करून टाकला.

रोज सकाळी मशीनवरचे फडके काढण्याआधी ते कपाट उघडत आणि त्या दिवसाचे चारच कपडे माझ्यावर लटकवत. बाकीचे कपडे कपाटात, दाराआड. पहिल्या खुंटीवर सगळ्यांत नावडते काम असे. म्हणजे बहुतेक वेळा पँटची चेन बदलणे. ती बदलताना काकांचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे होई, पण एकदा ती झाली की उरलेला दिवस ते शीळ घालत काम करत. पाचवी खुंटी मात्र सकाळी रिकामीच राही. मग दुपारी कुणीतरी धापा टाकत येई. कधी बटण तुटलेले गुरुजी, कधी खिसा उसवलेला पोस्टमन. त्यांची सोय पाचव्या खुंटीवर होई. संध्याकाळी पाचही खुंट्या मोकळ्या झाल्या की दुकान बंद. काय ते दिवस होते!

पुढे काकांची नजर अधू झाली आणि त्यांच्या लेकीने, म्हणजे ताईने, मशीनचा ताबा घेतला. तिचा हात काकांपेक्षाही सफाईदार. दोष एकच. तिच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नसे. जो येईल त्याला, “उद्या देते हं!” पहिल्या आठवड्यात तिने पाचवी खुंटी भरली. दुसऱ्या आठवड्यात हातोडी घेतली आणि खुंट्यांच्या मधल्या जागेत खिळे ठोकले. एक नाही, दोन नाही, अठरा! खोटे कशाला बोलू, आधी मला मिरवावेसेच वाटले. केवढे हे कपडे, केवढा माझा मान! पण लवकरच कपड्यांच्या ओझ्याखाली मी अवघडून गेले. ताई एक कॉलर हातात घेई, नजर वर गेली की ती टाकून बाही घेई, तीही अर्धवट टाकून काज करायला बसे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मी ऐकून होते. आता ती जमिनीवर पसरलेली पाहिली.

अशातच बँडमास्तर आले. रविवारी सकाळी बागेत त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता आणि वादकांना अकरा लाल कोट हवे होते. ताई अर्थातच हो म्हणाली. कोट कापून झाले, पण शिवण पुढे सरकेना. बुधवारी सकाळी बँडमास्तर दोन वादकांना घेऊन माप बघायला आले. बासरीवाला म्हणजे काडीपैलवान आणि ढोलवाले काका म्हणजे चालताबोलता ढोल. ताईने धांदलीत एकाच्या बाह्या दुसऱ्याच्या कोटाला लावल्या होत्या! बासरीवाल्याची बोटेच दिसेनात आणि ढोलवाल्यांचे हात खाली येईनात. मला हसू आवरेना, पण बँडमास्तर हसले नाहीत.

“ताई, जमणार नसेल तर आत्ताच सांगा,” एवढेच म्हणून ते गेले.

ताई स्टुलावर बसली आणि घळाघळा रडली. तेवढ्यात शिंपीकाका आले. “बाबा,” ती म्हणाली, “हा रविवार झाला की दुकान बंद करते मी. नाही जमत मला.”

टोपी अडकवायला काकांनी सवयीने हात वर केला. हात कपड्यांवरून फिरला, एका खिळ्याला अडखळला, पुन्हा फिरला.

“अगं, माझी मोकळी खुंटी कुठे गेली?”

“मोकळी कशाला ठेवायची, बाबा? इतकी कामं पडलीत!”

“पडलीत म्हणूनच तर. सगळी कामं आपण ठरवलेलीच येतात होय? न सांगता येणाऱ्याला जागा नको?” मग हळूच म्हणाले, “आणि मशीनवर बसून तुला सगळं एकदम दिसतंय. मलाही धडकी भरली असती, बाळा.”

ताईने माझ्याकडे पाहिले. मग उठली, पक्कड आणली आणि एकेक खिळा उपटू लागली. आहाहा! पाठ खाजवावी तसे सुख झाले मला. कपडे कपाटात गेले. मग बापलेकीने हिशेब मांडला. अकरा कोट, चार दिवस. रोज तीन, शनिवारी दोन. चौथ्या खुंटीवर दुसऱ्या कुणाचे एक काम. पहिल्या खुंटीवर आज काय? त्या चुकलेल्या बाह्या! बाकीच्या गिऱ्हाइकांना तिने भीत भीत सांगितले, “पुढच्या आठवड्यात देते.” कुणीही रागावले नाही. एक आजोबा तर म्हणाले, “चालेल की! रोज ‘उद्या’ ऐकण्यापेक्षा हे बरं.”

शनिवारी दुपारी अकरावा कोट झाला. ढोलवाले काका कोट घालून खुशीत वाकले आणि पाठीमागे टर्रकन आवाज झाला! ताईने लगेच माझ्याकडे पाहिले. पाचवी खुंटी मोकळी होती. अर्ध्या तासात कोट पाठीत दोन बोटे सैल होऊन तयार झाला आणि त्या दिवशी ताईने चक्क शीळ घातली.

मित्रांनो, माझ्या अंगावर ती अठरा भोके अजून आहेत. मला त्यांची लाज वाटत नाही. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी फळी असेल, वही असेल, नुसते डोके असेल. त्यात खिळे ठोकू नका. दिवसाला पेलेल तेवढेच लटकवा आणि एक खुंटी मोकळी ठेवा.

कारण रविवारी सकाळी काय झाले ठाऊक आहे? लाल कोटातला बँड बागेकडे निघाला आणि वाटेत आमच्या दारासमोर थांबून दणक्यात वाजू लागला. ताई एक शिवण संपवायला आली होती. ती उठली, कित्येक महिने गळ्यातून न उतरलेली मापाची टेप तिने काढली, पाचव्या खुंटीवर लटकवली आणि बाबांचा हात धरून बँडच्या मागे निघून गेली.