केसांची पुडी

ईश्वरने खिशातून कागदाची पुडी काढून कामिनीसमोर ठेवली. तिने ती उघडली. आत विंचरून निघालेल्या लांब केसांचा गुंता होता.

"यास्नी बी तपासनी व्हई का, ताई?"

कामिनी दोन वर्षांपासून तळोद्याजवळच्या त्याच्या केळीबागेत दयाळ पक्ष्यांचा अभ्यास करत होती. नर बांधावरच्या झाडाच्या ढोलीकडे चारा घेऊन किती फेऱ्या मारतो, ते ईश्वर तिच्या वहीत मांडायचा. वहीतलं 'नर' खोडून त्याने पहिल्याच दिवशी 'बाप' लिहिलं होतं, आणि तिनेही हसून ते तसंच राहू दिलं होतं. आज तिने मागच्या हंगामातल्या पिल्लांच्या डीएनए तपासणीचा निकाल सांगितला. चारांतली दोन पिल्लं त्या नराची नव्हती.

"केस कुणाचे, काका?"

"सीमाना."

सीमा त्याची एकुलती एक मुलगी. तो वर्षभर सुरतला कामाला होता. परत आल्यावर सातव्या महिन्यात ती जन्मली. दिवस भरायच्या आतच झाली, असं त्याची बायको अनुसया म्हणाली. भावकीने मात्र बोटांवर महिने मोजले. त्याने बायकोला कधी काही विचारलं नाही. पण एकोणीस वर्षं ही शंका त्याला आतून कुरतडत होती.

"तपासणी होते," कामिनी हळूच म्हणाली. "पण आधी सीमाला सांगावं लागेल."

ईश्वर ढोलीकडे बघत राहिला. पायात ओळखीसाठी घातलेला निळा वाळा असलेला तोच नर चोचीत अळी धरून आत शिरला. आतून चिवचिवाट झाला.

"त्याले माहीत व्हतं का?"

"ते नाही सांगता येत. चारा मात्र त्याने कधी कमी केला नाही. वही तुम्हीच लिहिलीत, काका."

ईश्वरने पुडी बांधली आणि परत खिशात टाकली.

बांधावरून घरी येताना ओळखीची हाळी ऐकू आली. केसांवर भांडी देणारा इद्रिस मोटारसायकल थांबवून उभा होता. ईश्वरने पुडी त्याच्या हातात दिली. इद्रिसने ती तळहातावर तोलली.

"इतलामा फक्त वाटी भेटी, भाऊ."

"दे."

"नाव टाकू का?"

"सीमा."

इद्रिसने छिन्नी लावली, ठकठक करत दोन अक्षरं कोरली आणि फुंकर मारून वाटी पुढे केली. ईश्वरने ती घेतली नाही.

"थांबू नको," तो म्हणाला. "बापनं नाव ऱ्हायनं."

इद्रिसने वाटी पुन्हा मांडीवर घेतली आणि 'ई' कोरायला लागला.